देशावरील अवर्षण आणि कुंडलिकेकाठची चराई : धाटाव परिसरासंबंधी काही विचार

महाराष्ट्रातील दुष्काळांचा इतिहास लिहिताना कोकणाचा विचार सहसा केला जात नाही. १८७६–७८, १८९६–९७, १८९९–१९००, १९१८–१९ आणि १९७२–७३ ह्या दुष्काळांची जी वर्णने उपलब्ध आहेत, त्यांत पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर ह्या जिल्ह्यांची नावे पुनःपुन्हा येतात. कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे १ जानेवारी १९८१ पासून ज्याला रायगड हे नाव मिळाले त्या जिल्ह्याचे, नाव क्वचितच आढळते, आणि आढळले तरी ते बहुधा दुष्काळापासून सुटलेला प्रदेश म्हणून. ह्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. ज्या रोहा तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथे अवर्षणाची चर्चा कोणी करावी? तथापि, माणसाच्या धान्याचा हिशोब बाजूस ठेवून गुरांच्या चाऱ्याचा हिशोब मांडू लागले, म्हणजे हा निष्कर्ष तितकासा निर्वेध राहत नाही. प्रस्तुत लेखात रोह्याहून कोलाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील, कुंडलिका नदीच्या काठचे धाटाव हे गाव आणि त्याच्या भोवतालचे खोरे दृष्टीसमोर ठेवून इतकेच दाखवावयाचे आहे, की येथील चराईचा इतिहास येथील पर्जन्यमानावरून लिहिता येत नाही. त्याचा निम्मा भाग सह्याद्रीच्या पलीकडे, माण, फलटण, बारामती ह्या कोरड्या मुलखात घडलेला आहे.

प्रथम येथील गवताचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. खोऱ्याच्या तळाशी भाताची खाचरे, त्यांच्या कडेला वरकस जमीन आणि वर डोंगर व जंगल अशी ह्या भागाची ठेवण आहे. वरकसात आलटून पालटून नाचणी, वरी घ्यावयाची आणि मधल्या वर्षांत ती गवताला सोडावयाची, ही येथील जुनी रीत होय. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडत असल्यामुळे गवत माणसाच्या कमरेइतके वाढते. पण ते वाढते तितक्याच घाईने पिकतेही. आश्विनात फुलोरा येऊन गेला की त्यातील पोषक अंश झपाट्याने उतरतो, कुसळीसारखे गवत टोकदार कुसे धरते आणि मार्गशीर्षापर्यंत डोंगरावर जे उभे असते त्याला चारा म्हणण्यापेक्षा काड म्हणणे अधिक योग्य ठरेल. माघ-फाल्गुनात ओढे आटतात, कारण काळ्या पाषाणाच्या उतारावर पाणी मुरून राहत नाही. त्यानंतर वणव्यांचे दिवस. तात्पर्य, कोकणातील गुरांचा दुष्काळ दर वर्षी येतो व तो फाल्गुनापासून मृगापर्यंत टिकतो. त्याची तीव्रता एकंदर किती पाऊस पडला ह्यावर फारशी अवलंबून नसते. पाऊस केव्हा थांबला, कापलेल्या गवतावर अवकाळी सरी पडल्या काय आणि पुढचा पाऊस वेळेवर आला काय, ह्या तीन गोष्टींवर ती ठरते. कोकणातील गुरे अंगाने लहान, काटक आणि अल्पाहारी का असतात, ह्याचे उत्तरही बहुतांशी येथेच आहे. त्यांची आता ‘कोकण कपिला’ ह्या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. पूर्वीचे सरकारी अधिकारी मात्र ह्याच गुरांचा उल्लेख खुरटलेली, निकृष्ट जनावरे असाच करीत. खुरटेपणा हा दोष नसून सात-आठ महिन्यांच्या कोरड्या ऋतूशी केलेली तडजोड आहे, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

ह्या वार्षिक टंचाईचा आपल्या कागदपत्रांतील एक ठळक पुरावा शिवकालीन आहे, आणि तो सर्वांच्या परिचयाचा असूनही ह्या दृष्टीने क्वचितच वाचला गेला आहे. मे १६७३ मध्ये चिपळूण भागात छावणीस असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये ह्या ताकिदीबद्दल प्रसिद्ध आहे. परंतु पत्राचा मोठा भाग दाणा आणि गवत ह्यांविषयी आहे. साठविलेली वैरण आताच मनास येईल तशी खर्च केली तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. गवताच्या गंज्यांना आगीची भीती आहे, तेव्हा चुली, दिवे, चिलमी ह्यांविषयी सावध राहावे. अशा सूचना त्यात तपशिलाने दिल्या आहेत. कोकणात, ऐन वैशाखात, पाऊस तोंडावर आला असताना राज्यकर्त्याला वैरणीची एवढी चिंता वाटावी, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या प्रदेशाला आपण गवताचे आगर समजतो, तेथे वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत गवताची काडी मोजून घालावी लागे. सभासदाच्या बखरीतही पावसाळी छावणीसाठी दाणा व गवत आधी जमवून ठेवण्याची व्यवस्था वर्णिलेली आहे. राखीव कुरणांची मराठा राज्यातील पद्धत ही केवळ लष्करी शिस्त नव्हती. ऋतुमानाने ती भाग पाडली होती.

चाऱ्याच्या ह्या तुटपुंज्या साठ्यावर शेतीचा स्वतःचाही हक्क होता. भाताचे रोप टाकण्यापूर्वी रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्यांची कवळी, गवत व वर माती असे थर देऊन भाजणी करावयाची, ह्या ‘राबा’च्या पद्धतीची माहिती कोकणाबाहेरील वाचकांनाही असेल. हॅरोल्ड मान, जोशी आणि कानिटकर ह्यांनी १९१२ साली तिच्यावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. त्या निबंधाचा रोख रोपांच्या वाढीवर आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की राब भाजला जातो तो उन्हाळ्यात, म्हणजे गोठ्यात चारा सर्वांत कमी असतो तेव्हा. जे गवत गुराच्या तोंडी जावयाचे, त्यातील काही वाटा जमिनीच्या तोंडी जातो. शेतकरी हा व्यवहार समजूनउमजून करी. गुरे जगविली ती नांगरासाठी व शेणासाठी. आणि शेण व गवत जाळले ते भातासाठी. दूध ही ह्या व्यवस्थेतील दुय्यम बाब होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या नाजूक जमाखर्चात दोन नवे भागीदार शिरले. त्यांतील पहिला मुंबई शहर. १८७४ ते १९०५ ह्या काळात मुंबईत घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. त्याशिवाय बग्ग्या, बैलगाड्या, लष्करी तबेले आणि दुभत्या म्हशींचे गोठे होते. ह्या सर्वांच्या तोंडी घालावयास उत्तर कोकणातील वाळके गवत गठ्ठे बांधून जाऊ लागले. गवताला प्रथमच रोकड किंमत आली, आणि जी वरकस जमीन गावाच्या गुरांना मोकळी असे ती राखण्यात धनिकांचे हित निर्माण झाले. हा व्यापार ठाणे जिल्ह्यात अधिक वाढला. परंतु कुलाब्याच्या खाड्यांतूनही मुंबईशी नौकांचा संबंध होताच.

दुसरा भागीदार म्हणजे वन खाते. १८७८ च्या वन अधिनियमानंतर ठाणे व कुलाबा ह्या जिल्ह्यांत जंगलांची आखणी होऊन चराई, कवळतोड आणि दळी ह्यांवर निर्बंध आले. दळी म्हणजे डोंगरउतारावरील फिरती शेती. रोहा, पेण, सुधागड ह्या भागांतील कातकरी व ठाकूर ह्यांचा निर्वाह बराचसा तिच्यावर होई. दळी सोडून दिल्यावर त्या जागी काही वर्षे जे कोवळे गवत व झुडूप येई, त्यावर गावची गुरे चरत, हे येथे नमूद केले पाहिजे. दळी आणि चराई ह्यांचा विरोध कागदावर जितका दिसतो तितका डोंगरावर नव्हता. ह्या निर्बंधांविरुद्ध एवढा असंतोष माजला, की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. ठाणे व कुलाबा ह्या दोन जिल्ह्यांतील तक्रारी हाच त्याचा मुख्य विषय होता. राबासाठी कवळ, गुरांसाठी गवत, औतासाठी लाकूड ह्या बाबतींत रयतेने दिलेल्या साक्षी त्यात संगृहीत आहेत. कोकणच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने हे खंड वाचल्यावाचून राहू नये. दुष्काळ हा शब्द त्यांत फारसा नाही. पण गोठ्यातील उपासमारीचे वर्णन जागोजागी आहे.

आता घाटाच्या वर पाहू. रोह्यापासून सरळ पूर्वेस निघाले तर शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या अंतरात पर्जन्यमान तीन हजारांवरून पाचशे मिलिमीटरांपर्यंत उतरते. भारतात पर्जन्याचा असा तीव्र उतार फार थोड्या ठिकाणी आढळतो. पर्जन्यछायेच्या ह्या प्रदेशात पाऊस कमी पडतो एवढेच नव्हे, तर तो बेभरवशाचा पडतो. सरासरीपासून वर्षावर्षाचे होणारे विचलन कोकणापेक्षा तेथे कितीतरी अधिक असते. १८७७, १८९९, १९१८, १९७२ ह्या वर्षी प्रशांत महासागरात एल् निनो प्रबळ होता, हे आता सर्वमान्य झाले आहे. भारतीय वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर ह्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात दूरदूरच्या वायुभारांतील ज्या झोक्याचा शोध लावला, त्याचीच ती सागरी बाजू. १८९९ व १९१८ ह्या वर्षी कोकणातही पाऊस उणा पडला. परंतु कोकणात उणा पाऊसही गवत उगवावयास पुरेसा असतो. माणदेशात तो पुरत नाही. एकाच विचलनाचे दोन परिणाम होतात. वर गवत उगवत नाही आणि खाली उगवलेल्या गवताला मागणी वाढते.

ही मागणी खाली कशी पोहोचते, हा आपल्या विषयाचा गाभा होय. मेंढपाळ हे तिचे सर्वांत जुने व सर्वांत दृश्य माध्यम. देशावरील हटकर धनगरांचे वाडे पावसाळ्यात आपल्या गावाकडे असतात, कारण कोकणातील ओल मेंढीला सोसत नाही. तिचे खूर कुजतात व पोटात जंत होतात. दिवाळीनंतर ते पश्चिमेस निघतात, बोर, ताम्हिणी, वरंध अशा घाटांनी उतरतात आणि भाताची कापणी झालेल्या खाचरांत मेंढरे बसवितात. रात्रभर कळप एका शेतात बसला की लेंडी व मूत ह्यांनी शेत खतावते. मोबदला म्हणून शेतकरी भात किंवा पैसे देतो. मेंढरांना भाताचे खुंट, बांधावरची हरळी, झाडांचा पाला मिळतो. मृगापूर्वी वाडा पुन्हा घाट चढतो. कुंडलिकेचे खोरे ह्या संचाराच्या प्रदेशात मोडते. कुसळीची कुसे गळून गेल्यानंतर आणि भात निघाल्यानंतरच कळप उतरतात, ह्यात योगायोग नाही. कुसे मेंढीच्या लोकरीत व कातडीत शिरून जखमा करतात. दोन प्रदेशांची ऋतुचक्रे एकमेकांत अशी चपखल बसली आहेत, की जणू कोणी ती योजून बसविली असावीत.

गुंटर सोंथायमर ह्यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा ह्या दैवतांवरील आपल्या ग्रंथात (मूळ जर्मन १९७६, इंग्रजी भाषांतर १९८९) धनगरांच्या ह्या फिरत्या जीवनाचा धार्मिक अर्थ उलगडला. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा ह्यांनी १९८२ साली सह्याद्रीच्या माथ्यावरील गवळी धनगरांचा परिसरशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. गवळी धनगर म्हशी पाळतात आणि लोण्यातुपावर निर्वाह करतात. पूर्वी त्यांची वस्ती माथ्यावर व कुणब्यांची खोऱ्यात अशी निसर्गाची विभागणी होती, पुढे वस्ती वाढून व जंगल खालावून ती मोडली, असे त्या अभ्यासात दाखविले आहे. दोन्ही अभ्यास मौलिक आहेत. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यांतून एक धोका संभवतो. संचाराची पद्धत इतकी सुसंगत दिसते, की ती अनादि असावी असे वाटू लागते. तसे मानावयास आधार नाही.

ह्याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. १८७६–७७ च्या दुष्काळात मदतकार्य म्हणून नीरा नदीच्या डाव्या कालव्याचे काम हाती घेण्यात आले आणि १८८० नंतरच्या दशकात त्याचे पाणी बारामती भागात खेळू लागले. भाटघर येथील लॉइड धरण १९२८ साली पुरे झाले व उजव्या कालव्याने फलटण भागाला पाणी मिळाले. माळ होते तेथे ऊस उभा राहिला. दुष्काळावरील उपाय म्हणून ह्या कालव्यांची योग्यता कोणी नाकारणार नाही. पण मेंढपाळाच्या दृष्टीने पाहिले तर जे माळरान दर दहा वर्षांनी एकदा करपत असे, ते कालव्याने कायमचे नाहीसे केले. अवर्षणात माळ परत हिरवा होण्याची आशा तरी असते. उसाच्या फडात मेंढरू शिरू शकत नाही. तेव्हा विसाव्या शतकात कळपांचा ओघ कोकणाकडे वाढला असेल तर त्याचे श्रेय केवळ पर्जन्याच्या लहरीला देणे बरोबर होणार नाही. दुष्काळाइतकाच दुष्काळनिवारणाचाही त्यात वाटा आहे. हे विधान काहींना विपरीत वाटेल. परंतु कुंडलिकेच्या खोऱ्यात त्याचाच दुसरा, अधिक स्पष्ट पुरावा मिळतो.

दुष्काळात मागणी खाली उतरण्याचा दुसरा मार्ग सरकारी होता. १८९९–१९०० च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात, विशेषतः गुजरातेत, गुरांचा अपरिमित संहार झाला. वन खात्याने ज्या जंगलांत गवत होते तेथे ते कापवून, दाबून, गठ्ठे बांधून रेल्वेने टंचाईच्या भागांत धाडण्याची मोहीम काढली; उत्तर कोकणातील गवताला त्यात महत्त्वाचे स्थान होते. येथे एक विसंगती नजरेत भरते. १८९४ च्या वननीतीच्या ठरावात सरकारने ‘कुरणभूमी’ हा जंगलांचा स्वतंत्र वर्ग मान्य केला होता. म्हणजे गवत हे गावगाड्याच्या गरजेचे म्हणून तत्त्वतः स्वीकारले होते. प्रत्यक्षात ज्या डोंगरावर गावची गुरे चारणे हा गुन्हा ठरे, त्याच डोंगराचे गवत संकटकाळी परमुलखात जाई. परमुलखातील गुरे जगावीत ह्याला रोह्याच्या शेतकऱ्याची हरकत नसणार. पण आपल्या गुरांना जो डोंगर बंद आहे तो व्यापाऱ्याच्या व सरकारच्या कोयत्याला खुला आहे, ही गोष्ट त्याच्या मनात सलत राहिली असल्यास नवल नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहात यवतमाळ भागात लोकनायक अणे ह्यांनी राखीव कुरणातील गवत कापून कायदेभंग केला, आणि कुलाबा जिल्ह्यातच चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी सत्याग्रहींवर गोळीबार झाला. ह्या घटनांचा विचार आपण राष्ट्रीय चळवळीच्या चौकटीत करतो व ते योग्यच आहे. परंतु सत्याग्रहाची खूण म्हणून गवतच का निवडले गेले, ह्या प्रश्नाचे उत्तर गोठ्यात शोधले पाहिजे.

धाटावच्या बाबतीत तिसरी गोष्ट सर्वांत विलक्षण आहे. कुंडलिका ही मूळची कोकणातील इतर नद्यांसारखी पावसाळ्यात दुथडी वाहणारी व उन्हाळ्यात रोडावणारी नदी. मुळशी येथे मुळा नदीवर टाटांचे धरण झाले. त्याविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापट ह्यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तो आपल्या इतिहासात सुविख्यात आहे. १९२७ साली भिरा येथील वीजगृह सुरू झाले. मुळशीचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली उतरून भिऱ्याला चाके फिरविते व कुंडलिकेला मिळते. तेव्हापासून ह्या नदीला वैशाखातही पाणी असते. कोलाडजवळ आज पर्यटक ज्या खळाळत्या पाण्यावर तराफे सोडतात, ते पाणी कोकणच्या आभाळातून आलेले नाही. वस्तुतः ते भीमेच्या खोऱ्यातील पाणी आहे. धरण नसते तर ते पुण्यावरून खाली जाऊन दौंड, इंदापूर, पंढरपूर ह्या तहानेल्या मुलखाकडे वाहिले असते. भीमा-नीरेच्या त्याच मुलखातील मेंढपाळ मेंढरे घेऊन घाट उतरतो, आणि धाटावच्या परिसरात येऊन आपल्याच खोऱ्यातून वळविलेल्या पाण्याच्या काठी बसतो. पाणी बोगद्याने उतरले व कळप घाटवाटेने. अर्थात मुळशीचे पाणी न वळविले असते तर माणदेशातील माळ हिरवे झाले असते, असे कोणी समजू नये. माण तालुका त्या प्रवाहाच्या आवाक्यात नाही. पण अवर्षणाच्या प्रत्येक वर्षी टाटांच्या धरणांतील पाणी पूर्वेस सोडावे ही मागणी पुन्हा उठते, हे लक्षात घेतले म्हणजे कुंडलिकेच्या पाण्याला देशाचा इतिहास किती चिकटलेला आहे हे कळून येते.

ह्या बारमाही पाण्याचा चराईवर काय परिणाम झाला? प्रथमदर्शनी वाटेल की लाभच झाला असावा. जनावरांना पाणी मिळाले हे खरे. परंतु पुढे डोलवहाळ येथे बंधारा होऊन कालव्यांनी हे पाणी खोऱ्यातील शेतांत नेण्यात आले आणि लाभक्षेत्रात उन्हाळी भाताचे दुसरे पीक निघू लागले. पूर्वी पौषापासून मृगापर्यंत खाचरे रिकामी असत व सर्वांची गुरे त्यांत मोकाट फिरत. मालकी खाजगी, पण सहा महिने चराई सामाईक, असा तो अलिखित करार होता. उन्हाळी भात आल्याबरोबर तो संपला. आता गुरे बांधून घालणे भाग पडले आणि मेंढरांना बसावयास शेत उरले नाही. बारामतीच्या माळावर उसाने जे केले, तेच रोह्याच्या खाचरांत उन्हाळी भाताने केले. कालव्याबाहेरच्या वाड्यांत मोकाट चराई टिकली. त्यामुळे एकाच तालुक्यात दोन निराळ्या प्रथा नांदू लागल्या, व गुरे पिकात शिरली म्हणून तंटे वाढले. त्यातच १९६५ नंतरच्या काळात भाताच्या ठेंगण्या, अधिक उत्पन्न देणाऱ्या जाती आल्या. दाणा वाढला, पण काडाची उंची घटली. भाताचा पेंढा हाच कोकणातील गोठ्याचा उन्हाळी आधार असल्यामुळे ही घट दिसते त्याहून अधिक गंभीर होती.

गावाच्या सामाईक जमिनीचे काय झाले, हे थोडक्यात सांगता येईल. १८७९ च्या जमीनमहसूल संहितेच्या ३८ व्या कलमाने गावच्या गुरांसाठी मोफत चराईची जमीन राखण्याची तरतूद केली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीनमहसूल संहितेत ती २२ व्या कलमात कायम आहे. खोती गावांत पडीक जमिनीवर खोताची सत्ता चाले. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने ती संपविली. कायद्याच्या दृष्टीने गुरचरणाला असे संरक्षण उत्तरोत्तर वाढत गेले, आणि प्रत्यक्षात गुरचरण उत्तरोत्तर घटत गेले. सार्वजनिक कामासाठी जमीन हवी झाली की प्रथम नजर गुरचरणाकडे वळते, कारण तेथे विरोध करणारा एक मालक नसतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धाटाव येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. रासायनिक कारखाने आले, रोजगार आला, आणि नदीच्या प्रदूषणाचा प्रश्नही आला. ज्या काठावर गुरे पाण्याला उतरत तेथे त्यांना पाणी पाजावे की नाही, असा प्रश्न पडावा, ही बारमाही नदीच्या इतिहासातील कटू गोष्ट आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही गायरानांविषयी ठराव काढला. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर फिरत्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्कही मान्य केला आहे. परंतु वरकस जमिनींना कुंपणे पडून त्यांवर शहरवासीयांची घरे उभी राहत आहेत, आणि कुंपणाला वनहक्क लागू होत नाही.

अलीकडच्या काळात हवामानाच्या विचलनाचे स्वरूपही पालटत आहे. केवळ पावसाचा अभाव नव्हे, तर पावसाची अवेळ हा आता अधिक मोठा धोका होऊन बसला आहे. डिसेंबर २०२१ च्या आरंभी पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत अवकाळी पाऊस व थंडी ह्यांनी शेकडो मेंढ्या-शेळ्या उघड्यावर गारठून मेल्या. तो काळ नेमका कळपांच्या वाटचालीचा होता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा पावसाळ्यासाठी रचलेल्या पेंढ्याच्या गंजींचे व गोठ्यांच्या छपरांचे काय झाले असेल, ह्याची कल्पना करणे कठीण नाही. २०२५ साली नैर्ऋत्य मोसमी वारे २६ मे रोजीच मुंबईस पोहोचले. वाडा घाट चढून गेलेला नसताना पाऊस सुरू होणे ही मेंढपाळाच्या दृष्टीने अवर्षणाइतकीच आपत्ती होय, कारण खाली ओल सोसत नाही आणि वर अद्याप गवत उगवलेले नसते. अशा वर्षी कोकणात सरासरीहून अधिक पाऊस नोंदला जातो, आणि टंचाईच्या कोणत्याही यादीत त्या वर्षाचे नाव लागत नाही.

म्हणून ह्या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी पर्जन्यमापकांचे आकडे व दुष्काळ आयोगांचे अहवाल एवढ्यावर विसंबू नये, असे सुचवावेसे वाटते. १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्यान्वये गावोगाव कोंडवाडे स्थापन झाले. कोणत्या महिन्यात किती गुरे कोंडली गेली, ती गावची होती की परगावची, दंड भरून सोडविली की लिलावात गेली, ह्या नोंदी म्हणजे चाऱ्याच्या टंचाईचे मासिक मापकच होत. वन खात्याच्या चराई-शुल्काच्या वह्या, गवताचे लिलाव, गाव नमुन्यांतील गुरचरणाच्या क्षेत्राचे फेरफार, आणि मेंढरे बसविण्याचा दर भातात मोजला जाई की पैशात, ह्याविषयी वृद्ध शेतकऱ्यांच्या व धनगरांच्या आठवणी, ही सर्व साधने एकत्र मांडावी लागतील. त्यांचा मेळ १८९९, १९१८, १९७२ ह्या वर्षांच्या देशावरील पर्जन्याशी घालून पाहावा. रोह्याच्या पर्जन्याशी तो बसणार नाही. धनगरांच्या आठवणी गोळा करावयाच्या तर त्या मार्गशीर्ष ते चैत्र ह्या काळात खोऱ्यात येऊन गोळा कराव्या लागतात. पावसाळ्यात ती माणसे फलटण-माणच्या बाजूला असतात, आणि कोंडवाड्यांच्या वह्या, जेथे टिकल्या आहेत तेथे, त्या आधी वाळवीच्या तोंडातून सोडविल्या पाहिजेत.